एक मार्क आणि चोवीस डबे

बारावीचा निकाल ऑनलाइन बघताना बैठक क्रमांकाच्या खाली आईचं नाव टाकावं लागतं. २५ मे २०२३ ला दुपारी मी ते टाकत होते तेव्हा आई शेजारीच मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "माझं नाव कशाला लागतं त्याला? पेपर काय मी लिहिले?" साइट तीनदा अडकली, चौथ्यांदा उघडली. 'उत्तीर्ण' दिसल्यावर आईनं देवापुढं साखर ठेवायला सांगितली. मी ठेवली. मग मोबाइलवर बेरीज केली. फिजिक्स ३६, केमिस्ट्री ४२, मॅथ्स ४१. एकशे एकोणीस.

पुन्हा केली. एकशे एकोणीसच.

इंजिनिअरिंगला सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली तरी बारावीत या तीन विषयांचे मिळून किमान टक्के लागतात. खुल्या प्रवर्गाला ४५, आमच्यासारख्या ओबीसींना ४०. तीनशेचे चाळीस टक्के म्हणजे १२०. माझे झाले ३९.६७. केमिस्ट्रीऐवजी बायोलॉजीचे मार्क धरता येतात, पण मी अकरावीतच बायोलॉजी सोडून भूगोल घेतला होता, कारण भूगोलाला मार्क पडतात असं सगळ्या मैत्रिणी म्हणत होत्या. पडलेही. त्यांचा इथं उपयोग शून्य. ३९.६७ चे चाळीस धरतात का, हे मी दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणचे काका तर हसलेच, "बेटा, मग ३९ वाल्यानं काय पाप केलंय?"

आईला हे काही सांगितलं नाही. साखरेला मुंग्या लागल्या तेव्हा संध्याकाळी सांगितलं.

असे मार्क का पडले ते सांगायचं तर जानेवारीपासून सांगावं लागेल. पप्पांचा छोटा हत्ती टेम्पो होता. संध्याकाळी नाशिकच्या पंचवटी मार्केट यार्डात मेथी, कोथिंबीर, शेपू भरायचा, रात्री कसारा घाट उतरून कल्याण-ठाण्याला टाकायचा आणि उजाडता उजाडता घरी. जानेवारीतल्या एका पहाटे गाडी दारात येऊन थांबली, इंजिन बंद झालं, पण दार उघडल्याचा आवाज येईना. मी स्वेटर घालून बाहेर गेले. पप्पा सीटवर बसलेले, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि मला काहीतरी सांगत होते ते शब्दच नव्हते. लकवा. त्या हातानं त्यांनी शेवटचे किती किलोमीटर गाडी आणली, हे आम्ही आजवर त्यांना विचारलेलं नाही.

पुढचा दीड महिना आधी एका खासगी दवाखान्यात आणि पैसे संपल्यावर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला गेला. माझा बारावीचा अभ्यास म्हणजे वॉर्डाबाहेरच्या बाकावर उघडं ठेवलेलं पुस्तक. फेब्रुवारीच्या एकविसाव्या तारखेला इंग्रजीचा पेपर सुरू झाला तेव्हा पप्पा घरी आले होते, काठी धरून संडासापर्यंत जात होते. परीक्षा मी दिली एवढंच.

निकालानंतर एक दार उघडं होतं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, विषयाला चारशे रुपये, आणि ती हातात आल्यावर पाच कामाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाला टाकायची. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. मला हवा होता एकच मार्क, तोही तीनपैकी कुठल्याही विषयात. मी केमिस्ट्रीची छायाप्रत मागवली. आमच्या फिजिक्सच्या मॅडमनी केमिस्ट्रीच्या सरांना दाखवली. सर म्हणाले, "एखादा वाढू शकतो, नाहीही वाढणार. टाकून दे." दुसऱ्या दिवशी पप्पांना फिट आली. पुन्हा सिव्हिल, पुन्हा तेच बाक. छायाप्रत माझ्या पर्समध्ये होती, रात्री दोन वाजता काढून मी ती वाचायचे सुद्धा. पण पाच दिवस मोजायचे असतात हे डोक्यातून साफ गेलं. आठवलं तेव्हा सहावा दिवस होता आणि मी मेडिकलच्या रांगेत उभी होते.

यात कुणाची चूक काढायची? माझीच. फॉर्म मोबाइलवरूनही भरता आला असता, वीस मिनिटांचं काम. ती छायाप्रत अजून आहे माझ्याकडे. आता मला केमिस्ट्री तेव्हापेक्षा बरी कळते, आणि वाचून वाटतं की नसताच वाढला मार्क. पण हे वाटणंही सोयीचं आहे, म्हणून त्यावर माझा फार विश्वास नाही.

मग सल्ले सुरू झाले. मामा म्हणाला, डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला जा. सल्ला खरंतर चांगला होता. बारावी सायन्सवर जाता येतं, पुढं पदवीलाही जाता येतं. आत्या म्हणाली बीएस्सी कर आणि तोवर स्थळं बघू. एक गंमत लक्षात आली. मुलगा एक वर्ष थांबला की त्यानं 'ड्रॉप घेतलाय' म्हणतात. मुलगी थांबली की 'घरीच असते सध्या'. मीही ड्रॉपच घेतला होता, पण आमच्या गल्लीत ते कुणाला माहीत नव्हतं.

श्रेणीसुधार योजनेची माहिती मला कॉलेजच्या क्लार्क सरांनी दिली. बारावी पास झालेल्यालाही पुन्हा बसता येतं, पण त्यासाठी संधी मोजक्याच असतात. जुलैची पुरवणी परीक्षा आणि पुढचा फेब्रुवारी मला मिळत होता. जुलैचा फॉर्म भरायचा तर निकालानंतर लगेच भरावा लागतो, आणि त्या आठवड्यात आमच्या घरात फी भरायला पैसे नव्हते. होते, पण टेम्पोच्या हप्त्याचे होते. पप्पांनी डाव्या हातानं खूण केली, फॉर्मला दे. आईनं हप्ता भरला. मला तेव्हा आईचा राग आला. दोन महिन्यांनी टेम्पो विकायला काढला तेव्हा हप्ते थकलेले नव्हते म्हणून बरी किंमत आली. त्या पैशांवर आम्ही दिवाळीपर्यंत काढली. तेव्हाही मी आईला काही बोलले नाही.

डब्यांचं कसं सुरू झालं ते नीट आठवत नाही. कुणीतरी म्हणालं, आडगाव नाक्याकडं कॉलेजच्या पोरापोरींच्या खोल्या आहेत, मेसला कंटाळलेली असतात. जूनमध्ये सहा डबे, गणपतीपर्यंत चोवीस. आईनं त्याआधी कधी घराबाहेरचा रुपया कमावला नव्हता. पहाटे साडेचारला मी कणीक मळायची, आई भाजी टाकायची. शंभरच्या आसपास पोळ्या व्हायच्या. मी लाटायचे, ती भाजायची. धाकटा नववीत होता, तो शाळेआधी सायकलवर सात डबे टाकायचा. बाकीचे मी मैत्रिणीच्या स्कूटीवरून.

माझ्या डब्यांपैकी अकरा इंजिनिअरिंगच्या मुलींचे होते. म्हणजे एका मार्कानं जिथं जाता आलं नाही, तिथल्या मुलींना मी रोज साडेदहाला वांग्याची भाजी नेऊन द्यायचे. पहिल्या आठवड्यात मला हे फार लागलं. त्यांचे ड्रॉइंगचे कागद, पाठीवर लटकवलेले टी-स्क्वेअर. एकजण म्हणाली, "ताई, मीठ जरा बेतानं हं." माझ्याच वयाची, आणि मी ताई. दुसऱ्या आठवड्यापासून मिठाचंच टेन्शन जास्त झालं. त्यातल्याच एका नंदुरबारच्या मुलीनं माझ्या पिशवीत फिजिक्सचं पुस्तक पाहिलं. मला वाटलं आता विचारणार. ती आत गेली, तिच्या सीईटीच्या सराव प्रश्नांचा जाडा संच घेऊन आली आणि म्हणाली, "रद्दीत घालणार होते." नव्हती घालणार. पानापानावर तिच्या खुणा होत्या.

क्लास परवडणारा नव्हता. अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे दोनदा भरले आणि दोन्ही वेळा आठवडाभरच जाऊ शकले, म्हणून तो नाद सोडला. दुपारी बारा ते चार घरातच बसायचे. खोली एक, त्यात पप्पांची कॉट.

आता अभ्यासाचं खरं सांगते. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. अकरावीला सायन्स घेतलं की एका रात्रीत सगळं इंग्रजीत होतं, आणि दोन वर्षं मी वाक्यं पाठ करत होते. मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे काय, हे मला घडाघडा म्हणता यायचं. कळलेलं मात्र नव्हतं. मॅडमना मी हे पहिल्यांदा कबूल केलं ते या ड्रॉपच्या वर्षात. त्या म्हणाल्या, "आधी प्रत्येक धडा मराठीत लिही. तुझ्या शब्दांत. मग इंग्रजीत." बारावीच्या फिजिक्सला सोळा धडे. मी दोनशे पानी वही घेतली आणि रोटेशनल डायनॅमिक्सपासून सुरुवात केली.

त्याच सुमारास सिव्हिलच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी पप्पांना दोन कामं दिली होती. डाव्या हातानं लिहायचं आणि रोज मोठ्यानं वाचायचं. पेपर वाचून ते कंटाळले. एकदा मी डबे देऊन आले तर माझी वही त्यांच्या पोटावर उघडी. वाचत होते. "ज-ड-त्व... आ... आगूर..." मोमेंट ऑफ इनर्शियाचं मराठी जडत्व आघूर्ण, त्यातलं आघूर्ण काही केल्या येईना. शेवटपर्यंत ते 'आगर'च म्हणायचे. जडत्व आगर, जणू कोकणातलं गाव. 'पृष्ठताण' मात्र झकास जमायचं. मग आमचं ठरून गेलं. ते एक ओळ वाचणार, अडखळत, आणि त्यांची ओळ संपायच्या आत मी पुढचं सांगणार. त्यांचा वेग इतका कमी होता की मला विचार करायला भरपूर वेळ मिळायचा. क्लासमधल्या सरांच्या वेगानं माझं कधी जमलं नसतं.

त्या पहिल्याच धड्यात वळणावरच्या रस्त्याचा उतार आहे, बँकिंग ऑफ रोड. वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूला उचललेला असतो, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. पप्पा वाचता वाचता थांबले. डाव्या हाताचा पंजा तिरका करून दाखवला, "कसारा." मी म्हटलं, हो, कसाऱ्याचंच आहे हे. त्यांनी पुढची ओळ वाचली. सुरक्षित वेग काढायच्या सूत्रात वळणाची त्रिज्या येते, उताराचा कोन येतो, पण गाडीचं वस्तुमान येत नाही. दोन्हीकडचं कटून जातं. पप्पांनी ती ओळ परत वाचली. मग वही मिटली.

"भरलेली... आणि रिकामी... सारखी?"

"सूत्रात सारखीच पप्पा."

"ज्यानं लिहिलं," एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "त्यानं... घाटात... गाडी घातली का कधी?"

लकव्यानंतरचं त्यांचं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं. आई पोळ्यांचं पीठ चाळत होती, ती हात पुसत बाहेर आली. मी मुद्दा सोडायला तयार नव्हते, पण उत्तर मलाही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, वडील बरोबर आहेत आणि सूत्रही बरोबर आहे. सूत्र घसरण्याचं आहे. कोथिंबिरीच्या जुड्या टपापर्यंत रचल्या की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी घसरायच्या आधी कलंडू शकते. कलंडण्याचं गणित वेगळं. मी घरी येऊन कणकेच्या डब्यावर वाटी ठेवून हे समजावलं. पप्पांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, माफ केल्यासारखी. पण त्या दिवसापासून मला फिजिक्स सुटू लागलं. पुढं मॅडमनी कॉलेजच्या पूर्वपरीक्षेचा पेपर मला घरी सोडवायला दिला, त्यात हीच सिद्धता होती. मी ती एकदाही पाठ न करता लिहिली.

पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की धाकटा दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघून येऊन पप्पांना सांगायचा. गुडघ्याला, कमरेला, छातीला. नाशिकची पुराची मोजपट्टी तीच. माझ्या वहीवरही पप्पा तसंच बोट ठेवायचे, आज पाणी कुठवर? मी म्हणायचे, पाचवा धडा. दिवाळीला छातीपर्यंत आलं होतं.

फॉर्म दिवाळीच्या आसपास भरला, जुन्याच कॉलेजमार्फत. सगळे विषय घेऊन. क्लार्क सर म्हणाले, "बाई, मराठीत ७८ आहेत, कशाला परत?" मी म्हटलं, असू दे. कॉलेजच्या पायऱ्यांवर माझ्यापेक्षा वर्षानं लहान मुली उभ्या होत्या, त्यातली एक आमच्याच गल्लीतली. तिनं विचारलं, "दीदी, तू इथं कशी?" मी लीव्हिंग सर्टिफिकेट घ्यायला आले म्हणाले. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. २१ फेब्रुवारी २०२४ ला तीच मुलगी माझ्या पुढच्या बाकावर निघाली. मागं वळून बघितलं, काही बोलली नाही, आणि पेपर सुटल्यावर बाहेर थांबून म्हणाली, "चल, निमाणी स्टँडपर्यंत एकत्र जाऊ." पुढचे सगळे पेपर आम्ही सिटीलिंकच्या एकाच बसनं गेलो. तिला माझी मराठी वही हवी होती. पप्पांना विचारून दिली.

पेपरांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साडेदहाला आत, हॉल तिकीट, बारकोडची स्टिकरं, अकराला प्रश्नपत्रिका. शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात, ती मला दोन्ही वर्षं उपयोगी पडली. पहिल्या वर्षी घड्याळाकडं बघायला, दुसऱ्या वर्षी लिहायला. मॅथ्सला दोन पुरवण्या लागल्या. पुरवणी हा शब्दच मला त्या वर्षभर नकोसा झाला होता, जुलैची पुरवणी, फॉर्मची पुरवणी. त्या दिवशी हात वर करून मी स्वतः मागितली. डब्यांना मात्र सुट्टी नव्हती. पेपरच्या दिवशी आई एकटी लाटायची आणि भाजायची, आणि अकरापैकी नऊ मुली आपणहून घरी येऊन डबे न्यायच्या. दोघी यायच्या नाहीत. त्या मिठावरूनही बोलायच्या.

सीईटी मे महिन्यात, निकालाच्या आधी. जुना स्कोअर पुढच्या वर्षी चालत नाही, म्हणून तीही पुन्हा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न दीड तासात, मग मॅथ्सचे पन्नास, त्यांना दोन-दोन मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं येत नाही तिथंही टिचकी मारायची. नंदुरबारवालीच्या संचातल्या खुणा मला इथं कामी आल्या. तिनं जिथं 'मूर्ख चूक' असं लिहिलं होतं तिथं मीही तीच चूक करत होते.

२१ मे २०२४. पुन्हा तोच रकाना, पुन्हा आईचं नाव. या वेळी ती काही बोलली नाही, ओल्या हातानं माझ्या खांद्याला धरून उभी होती. फिजिक्स ५८, केमिस्ट्री ६३, मॅथ्स ६१. एकशे ब्याऐंशी. काही फार नाहीत. ज्या मैत्रिणी पहिल्या वर्षी गेल्या त्यांना याहून जास्त होते. मराठीत मात्र ७४, चार कमी. क्लार्क सरांचं अगदीच चुकलं नव्हतं.

जुलैमध्ये शासनाचा निर्णय आला. ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ओबीसींना निम्मी भरावी लागायची. आत्या फोनवर म्हणाली, "बघ, वर्ष थांबलीस ते बरं झालं, फुकटात पडलं." निर्णय आधीच प्रवेश घेतलेल्या मुलींनाही लागू होता, हे मी तिला सांगत बसले नाही. फुकटात काय काय पडलं, याचा हिशेब तिच्याशी करायचा नव्हता.

कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, दुसऱ्या फेरीत नाशिकमध्येच सीट लागली, इलेक्ट्रिकलला. नॉन-क्रिमिलेअर, जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांच्या मागं ज्या चकरा झाल्या त्यावर वेगळं लिहावं लागेल, आणि लिहायची इच्छा नाही. डबे आता सोळाच आहेत. जेवढे आई एकटी करू शकते तेवढे.

पप्पा काठीशिवाय चालतात, गाडी चालवत नाहीत. पहिल्या सत्रात आम्हाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स होतं. एका दुपारी सरांनी फळ्यावर वळण काढलं, त्यावर उताराचा कोन काढला आणि एका चौकोनाला दोन चाकं लावली. घरी येऊन मी पप्पांना सांगितलं की आज तुमचा घाट शिकवला.

ते जेवत होते. डाव्या हातानंच घास थांबवला.

"भरलेली... की रिकामी?"